धूसर पडद्यावरील विनोद

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईच्या दूरचित्रवाणी केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. दिल्लीस हा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ पासूनच चालू होता; परंतु मराठी माणसाच्या घरात चित्र आणि वाणी एकत्र येऊन बसली ती मुंबईच्या केंद्रापासून. पुढल्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपणाची सोय झाली आणि पुणेकरही या नव्या करमणुकीचे धनी झाले. त्या काळी संच थोडे आणि प्रेक्षक फार, अशी स्थिती असे. चाळीतील ज्या बिऱ्हाडी संच येई, त्या बिऱ्हाडाच्या दाराशी सायंकाळी चपलांची रास पडे. आतली मंडळी सतरंजीवर, मागून आलेली उंबऱ्यावर आणि उरलेली खिडकीचे गज धरून गॅलरीत उभी, असा तो सोहळा चाले.

एवढ्या आतुरतेने जे चित्र पाहावयाचे, ते होते तरी कसे? ते काळेपांढरे होते, लहान होते आणि बहुतेक वेळा अस्वच्छ होते. कौलांवर किंवा गच्चीवर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा जो सांगाडा उभारलेला असे, त्याचे तोंड वाऱ्याने वा कावळ्याच्या बसण्याने किंचित फिरले, की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची वळवळ सुरू होई. मराठी प्रेक्षकाने त्या ठिपक्यांना कोणाला न विचारता नाव देऊन टाकले : मुंग्या. मुंग्या आल्या की घरातील एखाद्या चपळ मुलाची रवानगी गच्चीवर होई.

“काका, आता दिसतंय का?”

“थोडी डावीकडे घे! अजून थोडी! हां, आलं! हात लावू नकोस आता!”

आणि मुलाने हात काढताच चित्र पुन्हा जाई. जिन्यात उभी असलेली माणसे हा निरोप वरून खाली आणि खालून वर पोहोचवीत. या खटाटोपात निम्मा कार्यक्रम संपून जाई तो वेगळाच.

कोणी काळ्यापांढऱ्या पडद्यापुढे निळसर पारदर्शक काच किंवा प्लॅस्टिकचे पान लावी आणि रंगीत चित्राची हौस भागवून घेई. त्या पानावर कधी वर निळा, खाली हिरवा असे पट्टे असत. निसर्गदृश्य असले तर आकाश निळे आणि गवत हिरवे दिसून गंमत वाटे. पण बातम्या सांगणाऱ्याचे कपाळ निळे आणि हनुवटी हिरवी झाली, तरी ते कोणास खटकत नसे.

आज घरोघरी जे संच आहेत त्यांवर माणसाच्या गालावरील तीळ आणि भिंतीवरील रंगाचे पोपडे स्पष्ट दिसतात. असे असूनही त्याच संचांवर जुन्या विनोदी मालिकांचे अंधूक, रेघाळलेले भाग शोधून पाहणारे लोक पुष्कळ आहेत. केवळ वृद्धच नव्हेत; ज्यांनी गच्चीवरचा तो सांगाडा कधी फिरविला नाही अशी मुलेही त्यांत आहेत. इतकेच नव्हे, तर नव्याने टिपलेल्या स्वच्छ चित्रावर मुद्दाम रेघा व ठिपके घालून ते जुने दिसावे अशी व्यवस्था करणारेही निघाले आहेत. नव्या कोऱ्या पितळी भांड्यास मुद्दाम पोचे पाडावेत, तसाच हा प्रकार! ज्या दोषाने एका पिढीला हैराण केले, त्याच दोषावर दुसऱ्या पिढीने लोभ करावा, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

या आवडीचे मूळ समजण्यास आधी त्या चित्राची घडण ध्यानी घेतली पाहिजे. जुन्या संचात काचेची एक मोठी नळी असे. तिच्या निमुळत्या टोकाकडून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतील लेपावर आदळे आणि तेथे प्रकाशाचा ठिपका उमटे. हा एकच ठिपका अतिशय वेगाने डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरून सारे चित्र रंगवी. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत चित्रास ६२५ ओळी असत आणि सेकंदास २५ चित्रे पडत. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत उमटे : प्रथम विषम ओळी, नंतर सम ओळी. त्या ६२५ पैकी सुमारे ५७५ ओळींवरच प्रत्यक्ष चित्र असे. बाकीच्या ओळी झोताने खालून पुन्हा वर जाण्यात खर्च होत. अमेरिकेत तर ओळी ५२५ च होत्या. आजच्या संचांत १०८० किंवा २१६० ओळी असतात, आणि आडव्या दिशेनेही तपशील कितीतरी अधिक असतो. म्हणजे जुना प्रेक्षक जे पाहत होता, ते आजच्या मानाने चित्राची केवळ रूपरेषा होती.

मुंग्यांचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. केंद्राकडून येणारी लहर क्षीण झाली, की संच आपल्याच अंगातील आणि भोवतालच्या विद्युत्‌ खळबळीला चित्र समजून पडद्यावर मांडू लागे. त्या खळबळीचा एक अगदी अल्प भाग विश्वाच्या बाल्यावस्थेत निघालेल्या प्रारणाचा असतो. ज्याला कंटाळून काका खालून ओरडत होते, त्यात अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेला एखादा पाहुणाही होता!

आता एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. अंधूक चित्राने क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याचे मोठे नुकसान होई, कारण चेंडूच दिसत नसे. फलंदाज बाद झाला हे क्षेत्ररक्षकांच्या उड्यांवरून ताडावे लागे. निसर्गचित्रांचे तर मातेरेच होई. विनोदाची गोष्ट मात्र निराळी होती. विनोद शब्दांत असतो, शब्दांमधल्या विरामात असतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उडतो त्यात असतो. यांपैकी शब्द व विराम हे कानाचे विषय होत. दूरचित्रवाणीत चित्र व ध्वनी एकाच मार्गाने, पण वेगवेगळ्या रीतीने पाठविले जात. चित्राच्या लहरीत व्यत्यय लगेच मिसळे. ध्वनीसाठी वापरलेली रीत अशी होती की तीत खरखर सहसा शिरत नसे. म्हणून पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटलेले असतानाही संवाद स्वच्छ ऐकू येत आणि हसण्याची जागा चुकत नसे.

शिवाय मराठी श्रोत्याला चित्रावाचून हसण्याची सवय आधीच लागलेली होती. मुंबई आकाशवाणीवरील ‘प्रपंच’ मालिकेतील टेकाडे भावजी कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते; तरी ते घरोघरी ओळखीचे होते. त्यांच्या तुलनेत दूरचित्रवाणीवरचा पुसट चेहरा म्हणजे लाभच होता. मुंबई केंद्रावर ‘हास परिहास’ घेऊन येणारे याकूब सईद आणि बबन प्रभू, तसेच ‘गजरा’ या कार्यक्रमातून छोटी प्रहसने सादर करणारे कलावंत, यांतील अनेकांची जडणघडण रंगभूमीवर वा आकाशवाणीवर झाली होती. मागच्या रांगेतील माणसाला भुवईची हालचाल दिसत नाही, हे रंगभूमीवरील नटास ठाऊकच असते. म्हणून तो आवाजाने आणि साऱ्या अंगाने अभिनय करतो. हा अभिनय लहान, अंधूक पडद्याच्या कामी फार उपयोगी पडला.

याचे उत्तम उदाहरण चिमणरावाचे आहे. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे पालीचे पंडित. बडोद्यास त्यांनी अध्यापन केले. या गंभीर विद्वानाने मराठीला एक भित्रा, सरळ, सदा फजीत होणारा कारकून दिला. घरातील मंडळींची नावे पाहिली तरी हसू यावे : स्वतः चिमणराव, पत्नी काऊ, मुले मोरू, मैना, राघू. जणू बिऱ्हाड नव्हे, पाखरांनी गजबजलेले झाडच! त्याच्या जोडीला मावसभाऊ गुंड्याभाऊ : धिप्पाड, तापट, आणि अंगावर घेतलेले कोणतेही काम नेटाने बिघडविणारा. १९४० साली मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावं करून’ या बोलपटात ही जोडी पडद्यावर आली. दामूअण्णा मालवणकर तेव्हा चिमणराव झाले होते. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ही मालिका झाली. तीत दिलीप प्रभावळकर चिमणराव होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. बाळ कर्वे यांना पुढे अनेकांनी गुंड्याभाऊ याच नावाने ओळखले.

ही जोडी त्या पडद्यासाठीच जन्मली होती की काय, असे वाटते. एक किरकोळ, दुसरा आडवा. एकाचा आवाज बारीक आणि चाचरता, दुसऱ्याचा भरदार. मुंग्या कितीही आल्या तरी कोण कोठे उभा आहे, हे बाह्याकृतीवरूनच कळे. व्यंगचित्रकार चार रेघांत माणूस उभा करतो आणि कोटाची बटणे काढीत बसत नाही, चि. वि. जोशी यांची पात्रेही अशाच ठळक रेघांची आहेत. पडद्याने जो तपशील गाळला, तो मुळात लागतच नव्हता. दिवाणखान्याचे नेपथ्य प्लायवूडचे होते, दार लावले की भिंत हलत होती, हे प्रेक्षकाच्या नजरेस आले नाही. आणि आले असते तरी त्याने ते मनावर घेतले नसते. काऊच्या स्वयंपाकघरात कोणते डबे आहेत, हे जो तो आपल्या आईच्या स्वयंपाकघरावरून ताडीत असे. अंधूकपणाने प्रेक्षकाला असे थोडेसे काम दिले होते, आणि स्वतःच्या कामाची वस्तू प्रत्येकास आपली वाटते.

रंग आला तो १९८२ साली. त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनाचा सोहळा आणि पुढे दिल्लीत भरलेले आशियाई क्रीडासामने यांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. तरी संच बदलणे सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. १९८४ साली सुरू झालेली ‘ये जो है ज़िंदगी’ ही हिंदी विनोदी मालिका रंगीत असूनही असंख्य कुटुंबांनी ती काळीपांढरीच पाहिली. शरद जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत सतीश शाह हे भागागणिक निराळी भूमिका करीत. दाढीमिशांचे सांधे आणि टोपाच्या कडा त्या पडद्यावर दिसत नसत. प्रत्येक वेळी खरोखरच नवा मनुष्य दाराशी आल्यासारखे वाटे.

परदेशांतही असाच अनुभव आहे, परंतु तेथे एक चमत्कारिक गुंता झाला. अमेरिकेत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका सुरू झाली. त्या काळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून प्रत्यक्ष प्रक्षेपित होत, आणि देशाच्या पश्चिम भागासाठी पडद्यावरील चित्रच पुन्हा चित्रपटाच्या कॅमेऱ्याने टिपून ती प्रत पाठवीत. या नकलेची नक्कल अतिशय पुसट असे. मालिकेतील नायिका ल्यूसिल बॉल आणि त्यांचे पती डेसी अर्नाझ यांस हॉलिवूड सोडावयाचे नव्हते. आणि तेथून पुसट प्रत पूर्वेकडे पाठविणे पुरस्कर्त्यांस मान्य नव्हते. तेव्हा या दांपत्याने मालिका सरळ ३५ मिलिमीटरच्या चित्रफितीवर, तीन कॅमेऱ्यांनी आणि समोर प्रेक्षक बसवून टिपण्याचे ठरविले. वाढत्या खर्चापोटी त्यांनी आपले मानधन कमी करून घेतले आणि बदल्यात भागांची मालकी मिळविली. छायालेखक होते कार्ल फ्रॉइंड, ज्यांनी जर्मनीत ‘मेट्रोपोलिस’सारखा बोलपटपूर्व काळातील थोर चित्रपट टिपला होता. परिणाम असा झाला की मूळ फीत अत्यंत रेखीव, आणि घरातील चित्र मात्र ५२५ ओळींचे. त्या मालिकेचे आज दिसणारे स्वच्छ रूप १९५१ मधील एकाही घरात दिसले नव्हते. मग खरी ‘ल्यूसी’ कोणती? फितीवरची, की पडद्यावरची? छायालेखक पहिलीची बाजू घेईल. पण ज्या लोकांनी तिच्यावर प्रेम केले, त्यांनी दुसरीलाच पाहिले होते.

अशा चित्रफितींतून पुढे नवी, स्पष्ट आवृत्ती काढण्याची लाट आली, तेव्हा काही गमती झाल्या. जुना पडदा जवळजवळ चौकोनी होता, नवा रुंद. तो भरावयाचा म्हणून काही मालिकांत पूर्वी चौकटीबाहेर राहिलेला भाग आत घेण्यात आला. ‘फ्रेंड्स’ या मालिकेच्या रुंद आवृत्तीत, मुख्य नटीऐवजी उभी केलेली बदली स्त्री कडेला दिसू लागली. ‘साइनफेल्ड’ मालिकेत रस्त्यातील एका खड्ड्याभोवती रचलेला एक भाग आहे. २०२१ साली ही मालिका रुंद चौकटीत नव्याने दाखविण्यात आली, तेव्हा चित्राचा वरखालचा भाग कापला गेला आणि त्या प्रसिद्ध दृश्यातील खड्डाच चौकटीबाहेर गेला! पात्रे खाली पाहून बोलत आहेत आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो खड्डा नाही. स्पष्टता वाढली, विनोद गेला. जुन्या, अंधूक प्रती जपून ठेवणाऱ्यांना अशा वेळी आपल्या हट्टाचे समर्थन आयतेच सापडते.

तथापि या हट्टात थोडा भाबडेपणाही आहे, हे नाकारता येत नाही. त्या काळच्या प्रेक्षकास मुंग्या मुळीच आवडत नव्हत्या. त्याने संचाच्या पाठीवर थापा मारल्या, गच्चीवर मुले पाठविली आणि शेवटी पैसे साठवून चांगला संच घेतला. आज तेच अंधूक चित्र गोड वाटते, कारण त्याच्याबरोबर सतरंजी, उंबरा, चपलांची रास आणि आता नसलेली कित्येक माणसे आठवतात. हे सुख चित्रातले नव्हे, चित्राभोवतीचे आहे. खिडकीचे गज धरून उभ्या राहिलेल्या मुलाला मात्र विचारले, तर तो बहुधा म्हणेल की त्याला आत बसावयाचे होते. संच ज्यांच्या घरी, त्यांचीच मर्जी चालावयाची. मुलांनी दंगा केला की दार लागे. आठवणींच्या पडद्यावरही मुंग्या असतात, आणि त्या पहिल्यांदा अशाच गोष्टी झाकतात.

पण पुसट प्रतीचे महत्त्व केवळ आठवणींपुरते नाही. पुष्कळदा तीच एकटी शिल्लक राहिलेली असते. चुंबकीय फीत महाग होती. एक कार्यक्रम पुसून तीवर दुसरा घेण्याची चाल अनेक देशांत होती. आपल्याकडील आरंभीच्या वर्षांतील कितीतरी कार्यक्रम अशाच रीतीने नाहीसे झाले. त्यांचे उरलेले तुकडे पाहताना चित्राची कुरकूर करण्याचे धाडस कोण करील?

इंग्लंडमधील ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेची कथा या बाबतीत विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, सैन्यात घेता येत नाही अशा वयाच्या माणसांनी गावाच्या रक्षणासाठी जी पथके उभारली, त्यांपैकी एका काल्पनिक गावातील पथकाची ही गोष्ट. ३१ जुलै १९६८ पासून १९७७ पर्यंत तिचे ८० भाग झाले. १९६८ साली ती पाहणारे प्रेक्षक १९४० च्या आठवणींनी हळवे होत. आज ती पाहणारे १९६८ च्या आठवणींनी होतात. स्मरणरंजनाचे हे दुहेरी विणकाम म्हणावयास हरकत नाही. बीबीसीने अन्य अनेक कार्यक्रमांप्रमाणे या मालिकेच्याही काही फिती पुसल्या. रंगीत चित्रे आल्यावर काळ्यापांढऱ्यास कोण विचारणार, असा त्या वेळचा समज होता. दुसऱ्या मालेतील पाच भाग नष्ट झाले. त्यांपैकी दोन भागांच्या प्रती पुढे गंजलेल्या डब्यांत सापडल्या आणि २००१ साली परत मिळाल्या.

तिसऱ्या मालेतील एका भागाची कथा याहून नवलाची. १९६९ चा हा भाग मूळचा रंगीत. पण रंगीत फीत पुसली गेली आणि परदेशी पाठविण्यासाठी काढलेली काळीपांढरी प्रत तेवढी उरली. ती प्रत पडद्यावरील चित्र टिपून केलेली होती. तिच्यावर सर्वत्र अतिसूक्ष्म ठिपक्यांची एक जाळी दिसे. चित्रात आलेला तो मळ होय, असेच कोणासही वाटावे. वस्तुतः तो मळ नव्हता. रंगीत चित्राच्या लहरीत रंगाची वार्ता वाहून नेणारी एक उपलहर असते. काळ्यापांढऱ्या पडद्यावर ती रंग दाखवू शकत नाही, पण बारीक ठिपक्यांच्या रूपाने उमटते. प्रत काढताना ती गाळून टाकण्याची चाळणी असे. ती लावावयाची राहिली, तर ठिपके चित्रफितीवर कायम होत. अनेक वर्षांनी तज्ज्ञांच्या ध्यानी आले की या ठिपक्यांत मूळ रंग अडकून पडले आहेत. चित्रफीत आक्रसलेली, पडदा किंचित फुगीर. तेव्हा प्रत्येक ठिपका त्याच्या मूळ जागी नेऊन बसविणे भाग होते. संगणकाने ते काम केले, आणि २००८ साली तो भाग पुन्हा रंगांत दाखविण्यात आला. कोणी उत्साहाच्या भरात ती प्रत ‘स्वच्छ’ करून ठेवली असती, तर रंग कायमचे गेले असते.

दुसऱ्या मालेतील तीन भागांचे चित्र मात्र मिळाले नाही. त्यांपैकी एका भागाचा केवळ ध्वनी हाती लागला. २०१६ साली त्या ध्वनीला जुळतील अशी चलत्‌चित्रे रेखाटून तो भाग लोकांपुढे ठेवण्यात आला. नटांच्या चेहऱ्याचा एक ठिपकाही आता उरलेला नाही. परंतु त्या सायंकाळी प्रेक्षागृहात बसलेली माणसे कोणत्या शब्दाला आधी हसली आणि कोणत्या शब्दाला नंतर, हे मात्र त्या ध्वनीत अजूनही जसेच्या तसे ऐकू येते.